मदत हवी आहे: घरच्या प्रयोगासाठी द्रव नायट्रोजन बनवावा की मिळवावा?

नमस्कार मंडळी,

मला घरी अतिवाहकतेचा (काही पदार्थ फार गार केले की विजेला अजिबात अडथळा करत नाहीत, त्या गुणाचा) प्रयोग करायचा आहे. यिट्रियम-बेरियम-तांब्याच्या ऑक्साइडची चकती हाताशी आहे. उणे १८१ अंश सेल्सिअसच्या खाली ती अतिवाहक होते, मग तिच्यावर ठेवलेलं चुंबक अधांतरी राहतं आणि टिचकी मारली की जागच्या जागी फिरत राहतं. माझ्याकडे विज्ञान शिकायला येणाऱ्या मुलांनी हे व्हिडिओत पाहिलंय, पण टिचकी त्यांनी स्वतः मारावी अशी माझी फार इच्छा आहे. कोरडा बर्फ उणे ७८ वरच थांबतो, त्याचा इथे उपयोग नाही. उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजनच लागणार.

आधी वाटलं, आपणच बनवू. नुसतं दाबून तो द्रव होत नाही, कारण नायट्रोजन उणे १४७ अंशांच्या वर असेल तर कितीही दाब दिला तरी वायूच राहतो. म्हणजे १८९५ मध्ये लिंडे आणि हॅम्पसन यांनी काढलेली वाट उरते: दाबाखालचा वायू बारीक छिद्रातून सोडायचा, तो थोडा गार होतो, आणि तो गार वायू आत येणाऱ्या नळीभोवतून परत फिरवायचा, म्हणजे पुढचा वायू आणखी गार होऊन छिद्राशी पोहोचतो. कल्पना सुंदर आहे, पण आकडे धीर खचवणारे आहेत. साध्या हवेच्या कॉम्प्रेसरच्या ८ बार दाबाने (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब) एका फेरीत जेमतेम दीड अंश मिळतो, आणि एवढी उष्णता तर बाहेरूनच आत झिरपत असणार. २०० बारला तीस-चाळीस अंश मिळतात, म्हणून पाण्याखाली बुडी मारणाऱ्यांच्या हवेच्या टाक्या भरायचा कॉम्प्रेसर वापरावा असं डोक्यात आलं. पण त्यात हवा भरली तर बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड गोठून ते बारीक छिद्रच बुजणार. शिवाय हवेतला ऑक्सिजन उणे १८३ लाच द्रव होतो, म्हणजे भांड्यात जमेल त्यात त्याचं प्रमाण हवेतल्यापेक्षा बरंच जास्त असणार. कॉम्प्रेसरच्या तेलाचा अंश आणि द्रव ऑक्सिजन एकत्र आलेले मला घरात अजिबात नकोत.

मग हवेऐवजी नायट्रोजनचं भरलेलं सिलिंडर घेतलं तर? कॉम्प्रेसर वाचतो, बाष्प वाचतं, ऑक्सिजनची भीतीही जाते. पण २०० बारला, आधी गार न करता, आदर्श स्थितीतही सात-साडेसात टक्केच वायू द्रव होतो. एक लिटर द्रव म्हणजे सुमारे ७०० लिटर वायू. या हिशेबाने मोठं सिलिंडर रिकामं केलं तरी अर्धा लिटर हाती लागणं कठीण दिसतं, कारण वापरता वापरता दाबही उतरत जातो. सुरुवातीची नळी कोरड्या बर्फात बुडवली तर प्रमाण वाढेल हे नक्की, पण किती ते कुणी प्रत्यक्ष करून पाहिलंय का? नळीची लांबी आणि जाडी काय ठेवली होती?

दुसरा मार्ग जुन्या स्टर्लिंग क्रायोकूलरचा, म्हणजे आत कोंडलेला हीलियम दाबून-प्रसरवून अतिशय गार करणाऱ्या यंत्राचा. उणे १९६ अंशांना ५ वॅट उष्णता खेचणारं यंत्र मिळालं, तर एक लिटर द्रवासाठी साधारण १९-२० तास लागतील असा माझा हिशेब आहे, तोही आवरणातून उष्णता आत येत नाही असं धरून. हळू आहे, पण यात उच्च दाबाचं काहीच नाही, म्हणून मला हाच बनवण्याचा सगळ्यात सभ्य मार्ग वाटतो. वापरलेलं यंत्र घेताना आतला हीलियम गळून गेलाय की शाबूत आहे, हे कसं ओळखायचं?

आणि तिसरा मार्ग म्हणजे सरळ मिळवणं. गुरांच्या कृत्रिम रेतनाचं काम करणारे, त्वचारोगतज्ज्ञ आणि वेल्डिंगचे वायू पुरवणारे यांच्याकडे तो असतो हे माहीत आहे. तुमच्यापैकी कुणी या कामात असाल तर कृपया सांगा: कुणी वैयक्तिक प्रयोगासाठी लिटर-दोन लिटर मागितला तर देता का, आणि कोणतं भांडं घेऊन आलेलं चालतं? अरुंद तोंडाच्या ड्युअर फ्लास्कमध्ये (दुहेरी भिंतींच्या, मध्ये निर्वात असलेल्या भांड्यात) तो कित्येक दिवस टिकतो, पण मला एका संध्याकाळपुरताच हवा आहे. त्यासाठी स्टीलचा थर्मास, झाकण न आवळता, चालेल का? काचेचा तडकतो असं ऐकलंय.

सुरक्षेबद्दल: भांडं कधीही घट्ट बंद करायचं नाही, खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या आणि गाडीतून आणतानाही काचा खाली, कारण वास न येता हवेतला ऑक्सिजन कमी होत जातो, हे पक्कं ठाऊक आहे. डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा आणि सैल हातमोजे घेतलेत. कापडी मोजे द्रव शोषून कातडीला चिकटून राहतात, म्हणून ते टाळलेत. मुलं टेबलापासून किती लांब उभी करावीत आणि टिचकी मारायला जवळ आणताना भांड्यात द्रव किती उरलेला असावा, हे ज्यांनी शाळेत असा प्रयोग दाखवलाय त्यांच्याकडून समजलं तर फार बरं होईल.