चाकापर्यंत आलेलं राजकारण

"कुंभारानं मडकी घडवावीत, राजकारण कशाला," असं एका दादांनी म्हटलंय. दादा, राजकारण आमच्या चाकापर्यंत केव्हाच आलंय. जून 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पीओपीच्या (प्लास्टर ऑफ पॅरिसच्या) मूर्ती बनवायला मोकळीक दिली, बंधन राहिलं ते विसर्जनावर. साच्यातून पीओपीची मूर्ती भराभर निघते. माती मात्र भिजवा, खडे वेचा, तुडवा, सावलीत वाळवा. त्यातही नागपूरचा पावसाळा, वाळता वाळत नाही! चितार ओळीत, म्हणजे इथल्या मूर्तींच्या बाजारात, दोन्ही शेजारी मांडल्या की गिऱ्हाईक आधी भावच विचारतं. आमच्या संत गोरोबाकाकांचं, म्हणजे गोरा कुंभारांचं, नाव घेऊन जे मतं मागायला येतात, त्या सगळ्यांना आम्ही समाजाच्या बैठकीत एकच विचारणार आहोत: माती कुठून आणि कितीला मिळवून देणार?