करेलिन सिडनीत नेमका कशामुळे हरला?

बैठा_प्रेक्षक:
ग्रीको-रोमन कुस्तीतला रशियन मल्ल अलेक्सांद्र करेलिन याच्याविषयी जे काही वाचायला घ्यावे ते अखेर सिडनी ऑलिंपिकपाशी येऊन थांबते. १९८८, १९९२ आणि १९९६ ची ऑलिंपिक सुवर्णपदके, नऊ जागतिक आणि बारा युरोपीय विजेतेपदे, तेरा वर्षे एकही पराभव नाही, आणि मग २००० मध्ये अमेरिकेच्या रुलॉन गार्डनरकडून ०-१ अशी हार. तो एकमेव गुणही गार्डनरने डाव टाकून मिळवलेला नव्हता. मग हा पराभव नव्या नियमाने घडवलेला अपघात मानायचा, की करेलिनचा जोर तोवर ओसरला होता? आणि ज्या उलट्या उचलीचे एवढे कौतुक होते, ती अंतिम लढतीत का चालली नाही?

पकड_पाहणारा:
उचलीपासून सुरुवात करतो, कारण उत्तराचा मोठा भाग तिथेच आहे. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली हात लावता येत नाही आणि पायांचा वापरही करता येत नाही. म्हणजे पट काढण्याचा, पाय धरून पाडण्याचा, मार्गच बंद. त्यामुळे प्रतिस्पर्धी मॅटवर पालथा पडला की त्याला पलटवायचे किंवा उचलून फेकायचे, एवढेच हाती उरते. करेलिन वरून उलट्या दिशेने कमरेला मिठी घालत असे, म्हणजे त्याचे डोके प्रतिस्पर्ध्याच्या पायांकडे येई. मग तो त्याला मॅटवरून सोडवून उभा उचलायचा आणि स्वतः पाठीची कमान करून मागे फेकायचा. हा डाव हलक्या वजनगटांत नवा नव्हता. १३० किलोच्या गटात मात्र तो कोणी करू शकेल असे वाटत नव्हते. १९८८ ला सोलच्या अंतिम लढतीत बल्गेरियाच्या रांगेल गेरोव्स्कीविरुद्ध करेलिन ०-३ असा मागे होता आणि वेळ जवळपास संपली होती. तेव्हा याच उचलीने पाच गुण घेऊन त्याने ५-३ अशी लढत फिरवली. पुढे तर अशी वेळ आली की, आपटले जाण्यापेक्षा खांदे टेकलेले बरे, असे म्हणून काही मल्ल आपणहून पाठीवर वळत. माझ्या मते त्याची निम्मी ताकद या धास्तीत होती.

गार्डनरला ही धास्ती ऐकून माहीत नव्हती, ती त्याने अनुभवली होती. १९९७ च्या जागतिक स्पर्धेत करेलिनने त्याला उचलून आपटले होते आणि ५-० ने हरवले होते. सिडनीत पहिल्या सत्रात तो खाली असताना करेलिनने मिठी घालून पाहिली, पण गार्डनर कंबर मॅटला दाबून सरकत राहिला आणि उचल बसलीच नाही.

नियमपुस्तक:
आता त्या गुणाविषयी. पहिले सत्र ०-० सुटले, तर दुसरे सत्र छातीला छाती लावून, एकमेकांना घातलेल्या मिठीतून सुरू करायचे आणि ज्याची हातांची कडी आधी सुटेल त्याच्या विरोधात एक गुण द्यायचा, असा तेव्हाचा नियम होता. दोघे एकमेकांना रेटत वळत असताना करेलिनची बोटे क्षणभर सुटली. चित्रफीत पाहिल्यानंतर गुण गार्डनरला देण्यात आला. पण याला अपघात म्हणणे मला पटत नाही, कारण नियम दोघांना सारखाच होता आणि त्यानंतर करेलिनकडे भरपूर वेळ होता. विजयासाठी किमान तीन गुण लागत असल्याने लढत जादा वेळेतही गेली. एवढ्या वेळात तो एक गुण फेडू शकला नाही आणि शेवटचे काही सेकंद उरले असताना स्वतःच थांबला.

सायबेरियाप्रेमी:
थोडा मतभेद नोंदवतो. 'जोर ओसरला होता' हे सरसकट म्हणता येणार नाही, कारण १९९७, १९९८ आणि १९९९ या तिन्ही वर्षी तोच जगज्जेता होता. मात्र घसरणीचा धागा सिडनीच्या आधीपासूनचा आहे. १९९६ मध्ये बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत त्याचा छातीचा स्नायू फाटला, शस्त्रक्रिया झाली आणि काही महिन्यांतच अटलांटा ऑलिंपिकला अमेरिकेच्या मॅट गफारी या मल्लाविरुद्धची अंतिम लढत त्याने केवळ १-० ने जिंकली. १९९२ ची बार्सिलोनाची अंतिम लढत त्याने स्वीडनच्या टोमास योहान्सनला चितपट करून मिटवली होती. चार वर्षांनी सुवर्ण एका गुणावर आले. सिडनीला तो ३३ वर्षांचा होता.

बैठा_प्रेक्षक:
सर्वांचे आभार. १९९७ ची लढत माझ्या लक्षात आली नव्हती. आता सिडनीचे चित्रण पुन्हा पाहताना गुणफलकापेक्षा पहिल्या सत्रातील गार्डनरच्या कमरेकडे लक्ष ठेवीन.