बाबांसाठी फोनवरचं समुपदेशन चालू ठेवावं की रत्नागिरीला न्यावं? मदत हवी आहे

अर्धा_घाट

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. प्रश्न बाबांचा आहे. वय 71, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त. संगमेश्वर तालुक्यातल्या गावी भाऊ-वहिनीजवळ असतात, मी डोंबिवलीला.

गेल्या माघात आई गेली. सहा-सात महिने आम्ही धरून चाललो की दुःख आहे, ओसरेल. ते ओसरलं नाही. पहाटे तीनला उठून ओटीवर बसतात. भात चिवडून ताट सरकवतात. ज्या माणसाला मार्गावरचा अर्धा प्रवासी नावानिशी ठाऊक असायचा, तो आता दारात कोणी आलं की मागच्या दाराने गोठ्याकडे जातो. विचारलं तर एकच उत्तर : "मला काय धाड भरलीये?"

डॉक्टरांचं नाव काढलं की संपलं. "रत्नागिरीला म्हणजे कुठे ते मला कळतं," म्हणाले. मुंबईकर थट्टेत ठाण्याचं नाव घेतात आणि पुणेकर येरवड्याचं, तसं आमच्याकडे रत्नागिरीचं, तिथल्या मनोरुग्णालयामुळे. ही थट्टा मीही शाळेत केलेली आहे, आता ती अंगावर आली.

म्हणून एका अ‍ॅपवरून मराठी बोलणाऱ्या समुपदेशक शोधल्या. चार सेशनचं पॅकेज, पैसे आगाऊ. पहिलं सेशन मी गणपतीला गेले होते तेव्हा माझ्यासमोरच झालं. घरात रेंज फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात येते. तिथे खुर्ची ठेवली आणि तांदळाच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. बाबा मॅडमकडे बघतच नव्हते. खालच्या चौकोनात स्वतःचा चेहरा दिसत होता त्याच्याकडे बघत होते, मग उठून टोपी घालून आले. मध्येच शेजारची काकू विळा मागायला आली, हे गप्प. ती गेल्यावर पाच मिनिटांनी, आपणहून, म्हणाले, "शेवटच्या दिवशी तिने मला हाक मारली होती, मी..." आणि चित्र थिजलं. मॅडमचं तोंड अर्धं उघडं. आवाज आला तेव्हा त्या म्हणत होत्या, "काका, आवाज तुटला, परत सांगता का?" बाबा म्हणाले, "काय नाय." ते वाक्य आजतागायत पूर्ण झालेलं नाही.

दुसरं सेशन असंच वाया गेलं. तिसऱ्याला नेट पूर्ण बंद होतं, तर मॅडमनी साधा फोन लावला. बाबा फोन घेऊन गोठ्यात गेले आणि चाळीस मिनिटं बाहेर आले नाहीत. आल्यावर वहिनीकडे चहा मागितला, कितीतरी महिन्यांनी स्वतः मागितला. आम्हाला वाटलं, जमलं. चौथ्याच्या आदल्या दिवशी अ‍ॅपचा मेसेज : यापुढे दुसऱ्या मॅडम असतील. कारण काही नाही. बाबा म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून तिकीट फाडायचं काय?" आणि बसलेच नाहीत.

आता कळेना. फोनवर ते बोलतात हे दिसलंय, पण माणूस टिकत नाही. दर आठवड्याला रत्नागिरी म्हणजे एसटीने जाऊन-येऊन दिवस मोडतो, भावाची रोजंदारी बुडते, पावसात तर विचारूच नका. शिवाय पलीकडचा माणूस खरोखर शिकलेला आहे हे ओळखायचं कसं? आणि औषध लागलं तर ते फोनवरून मिळतं का?

केसपेपर

ताई, मी सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करते. तुमचे बाबा मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे निदान करणार नाही. पण एक स्पष्ट सांगते : एकदा प्रत्यक्ष दाखवा. दर आठवड्याला नको, एकदा. या वयात झोप, भूक आणि बोलणं कमी होण्यामागे नैराश्य असू शकतं, तसंच थायरॉइड, बी-12ची कमतरता, साखर, कमी ऐकू येणं किंवा स्मृतिभ्रंशाची सुरुवातही असू शकते. पडद्यावरून नाडी, रक्तदाब, हाताचा कंप, चालण्यातला फरक कळत नाही. समुपदेशक कितीही चांगला असला तरी थायरॉइड बोलून बरा होत नाही.

पहिली भेट मनोरुग्णालयातच व्हायला हवी असंही नाही. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो. बाबांना ‘रक्त तपासायला आणि झोपेचं विचारायला’ म्हणून न्या. ते खोटंही नाही.

आता माणूस ओळखण्याबद्दल. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात शिकलेला डॉक्टर, औषध तोच देणार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसिक आजार तपासून बोलण्यातून उपचार करणारा, त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळा, संकोच करू नका. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र आजही कुणीही लावू शकतो. त्यातले कित्येक उत्तम काम करतात, तरी शिक्षण कुठे झालं आणि वरिष्ठ कोण, हे विचारायचंच.

औषधाचं : 25 मार्च 2020 ला दूरवैद्यकाच्या, म्हणजे टेलिमेडिसिनच्या, मार्गदर्शक सूचना आल्या, तेव्हापासून नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओ किंवा फोनवर तपासून चिठ्ठी देऊ शकतात. चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक हवा. पण सगळी औषधं अशी देता येत नाहीत. काही पहिल्या वेळी फक्त व्हिडिओवर पाहूनच, आणि सवय लावणाऱ्या काही गोळ्यांना मनाई आहे. म्हणून कुणी फोनवर सहज ‘झोपेची गोळी लिहून देतो’ म्हणालं तर सावध व्हा. एकदा प्रत्यक्ष पाहिलेल्या डॉक्टरांनी पुढचा पाठपुरावा फोनवर करणं यात गैर काही नाही, आमच्याकडे खूप जणांचं तसंच चालतं.

शेवटचं, पण आज रात्रीच करायचं. "जगावंसं वाटत नाही असं मनात येतं का?" हे बाबांना सरळ विचारा, किंवा वहिनींना विचारायला सांगा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं सोडू नका, घरातली शेतीची औषधं कुलपात ठेवा आणि भेट पुढे ढकलू नका. 14416 हा केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक आहे. 2022 पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, भाषा निवडताना मराठी घेता येते. घरच्यांनी स्वतःसाठी केला तरी चालतो. तिथेही दर वेळी तोच आवाज मिळेलच असं नाही, हे आधी सांगून ठेवते.

पार्किंग_लॉट

मी न्यू जर्सीत. माझा अनुभव उलट्या बाजूचा. इथे समुपदेशन मिळतं, पण ‘सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत’ या वाक्यातलं ओझं इंग्रजीत पोचत नाही. इथल्या समुपदेशक बाईंनी मला विचारलं, ‘मग त्यांना हॉटेलात का ठेवत नाही?’ पुण्यातल्या एका ताईंशी ऑनलाइन बोलू लागले तेव्हा पहिल्याच वेळी अर्ध्या गोष्टी समजावून सांगाव्या लागल्या नाहीत. त्यांनी मात्र सुरुवातीलाच बजावलं : अमेरिकेत परवाना राज्यागणिक असतो, रुग्ण ज्या राज्यात बसलाय तिथला लागतो, त्यामुळे हे उपचार म्हणून धरू नका, आणि आणीबाणीत कुणाला फोन करायचा ते आधीच लिहून ठेवा. मला त्यांचा तो सरळपणा आवडला.

खासगीपणाचं म्हणाल तर मी सगळी सेशन किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून केली. तुमच्या बाबांचा गोठा वाचून हसूही आलं आणि डोळे भरले. ताई, ती जागा त्यांनी स्वतः निवडलीये. व्हिडिओचा हट्ट सोडा.

जुना_वडापाव

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पैसे घेऊन अनोळखी बाईशी बोलण्यापेक्षा बाबांचे जुने ड्रायव्हर मित्र शोधा. आमच्या वडिलांना डेपोतल्या पत्त्यांच्या अड्ड्याने बरं केलं. हे सेशन-बिशन शहरातल्या लोकांचं.

अर्धा_घाट

@जुना_वडापाव, राग नाही. मित्र आले होते, दोघं. बाबा त्यांच्यासमोर अर्धा तास हसून बोलले आणि ते गेल्यावर दोन दिवस खोलीबाहेर आले नाहीत. अड्ड्याने ज्यांचं भागतं त्यांचं भागो, आमचं भागलं नाही.

@केसपेपर, तुमचं वाचून काल रात्री वहिनीला फोन केला. तिने विचारलं. मी फोनवरच होते, मला ऐकू येत होतं. बराच वेळ फक्त रातकिडे. मग म्हणाले, "मरायचं नाय गो. पण ती हाक मारत होती आणि मी रेडिओ लावून बसलेलो." म्हणजे तेच वाक्य. वहिनीने काही समजावलं नाही, नुसती बसून राहिली.

मंगळवारी भाऊ त्यांना जिल्हा रुग्णालयात नेतोय. रक्त तपासायला म्हणून, आणि हो, झोपेचं विचारायला. सवलतीचं कार्ड आहे म्हणून एसटीनेच जायचं, गाडी करायची नाही, अशी अट घातलीये. पुढच्या सीटवर बसणार म्हणे.

अ‍ॅपवाल्यांना चौथ्या सेशनचे पैसे परत मागितलेत, उत्तर नाही. पहिल्या मॅडम कुठे गेल्या तेही सांगत नाहीत, आणि त्यांचा स्वतःचा नंबर आमच्याकडे नाही, कारण फोन अ‍ॅपच्या नंबरवरूनच यायचा. कुणाला असा अनुभव असेल तर पैसे सोडून द्यायचे की तक्रार करायची, ते सांगा. आणि केसपेपर, मंगळवारी जाताना जुनी कागदपत्रं काय काय लागतील? आईच्या आजारपणाची फाईलच घरात वर आहे, बाबांची एकही नाही. ते कधी आजारीच पडले नव्हते.

केसपेपर

आधार कार्ड आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, रिकामी असली तरी. वहिनींना सोबत पाठवा. झोप किती, जेवण किती, हे त्या भावापेक्षा नेमकं सांगतील. आणि सकाळी लवकर पोचा, केसपेपरची रांग मोठी असते.