मदत हवी आहे: डॉ. दिलीप महालनोबिस यांचं ओआरएसवरचं काम वर्गात कसं मांडू?

नमस्कार मंडळी,

मी नर्सिंगच्या मुलींना बालरोग परिचर्या शिकवते. २९ जुलैला ओआरएस (जुलाबात पाजायचं साखर-मिठाचं द्रावण) दिवस आहे, त्यासाठी डॉ. दिलीप महालनोबिस यांच्यावर पंधरा-वीस मिनिटं बोलायचंय. शिक्षणाचा भाग सोपा आहे: कलकत्ता मेडिकल कॉलेज, १९५८ ला पदवी, पुढे लंडन-एडिनबराचं शिक्षण, लंडनच्या क्वीन एलिझाबेथ बालरुग्णालयात रजिस्ट्रार (डॉक्टरचं एक पद). १९६० च्या दशकात कलकत्त्याला परतून जॉन्स हॉपकिन्स या अमेरिकी विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात काम.

गाडी अडलीय ती १९७१ पाशी. पश्चिम बंगालमधल्या बनगावची, बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांची छावणी, कॉलऱ्याची साथ, सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या. त्यांनी लिटरभर पाण्यामागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण करून ते नातेवाइकांच्याच हातून पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते ३.६ वर आलं.

हे सांगितलं आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, सलाइन संपलं म्हणून पाजलं. मग याला संशोधन का म्हणायचं? दुसरा गट कुठे होता तुलनेला?" (पोरगी हुशार आहे. मला मात्र घाम फुटला.)

माझ्या परीने मी असं सांगितलं: तोंडाने पाजलेलं द्रावण चालतं हे ढाक्यात १९६८ मध्येच दिसलं होतं, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आई-मावशीसुद्धा पाजू शकते का, हा बनगावचा प्रश्न होता. आणि मरणाऱ्याला द्रावण न देता "दुसरा गट" म्हणून बसवणार कोण? हे बरोबर आहे का? की मी मुलीला गप्प केलं फक्त?

दुसरं, त्यांचा १९७३ चा निबंध जॉन्स हॉपकिन्स मेडिकल जर्नलमध्ये आला होता. कुणाकडे पूर्ण प्रत असेल तर कृपया व्यनि (खासगी निरोप) करा. मला सारांशच सापडतोय.

आणि शेवटचं: आतड्यात ग्लुकोज सोडियमला सोबत घेऊन आत जातं, मागोमाग पाणी. हे अंगणवाडीताईंना समजेल अशा मराठीत कसं सांगता तुम्ही? मी "साखर मिठाचा हात धरून दार उघडते" म्हणते, पण वर्गात हशा पिकतो.