थारसाठी स्वस्त विंच: क्षमतेइतकेच सीलही पाहावे

महिंद्रा थार गाडीसाठी 9,500 पौंड ओढीची स्वस्त विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारे, विजेवर चालणारे यंत्र) पुरेल की 12,000 ची घ्यावी, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, 9,500 पुरेशी आहे. सामानासह गाडी 2,300 किलोंची धरली, तरी वजनाच्या दीडपट ओढ हवी, या हिशेबाने सुमारे साडेतीन हजार किलोंची ओढ लागते आणि ही विंच सुमारे 4,300 किलो ओढते. मात्र हा आकडा ड्रमवर, म्हणजे दोर गुंडाळला जातो त्या रिळावर, दोराचा एकच थर असतानाचा आहे. थर वाढतील तशी ओढ घटते, म्हणून दोर शक्य तितका सोडून काम करावे आणि गाडी खोल रुतली असेल तर स्नॅच ब्लॉक, म्हणजे दोर अडकवण्यासाठी उघडणारी कप्पी, लावावा, ज्याने वेग निम्मा होतो, पण ओढ जवळपास दुप्पट मिळते.

मला खरी काळजी वाटते ती ठाण्याच्या हवेची. खाडीचा खारा दमटपणा आणि पावसाचे पाणी सोलेनॉइडच्या (विंचच्या मोटरची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) खोक्यात शिरले की तांब्याच्या टोकांवर हिरवट थर धरतो आणि ऐन चिखलात विंच नुसती टकटक करत राहते. म्हणून बसवण्यापूर्वीच खोके उघडून रबरी सील तपासावे, टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओलावा रोखणारे, वीज न वाहणारे ग्रीस) लावावे आणि पावसाळ्यात अधूनमधून थोडा भार देऊन विंच चालवावी. ओढताना इंजिन चालूच असावे, आणि झाडाला दोर थेट न बांधता रुंद पट्टा वापरावा, ही कळकळीची विनंती.