सल्ला द्यायचाच नाही, तर गटात बसायचं कशाला?

काटेकोर: परवा इथे एकाने लिहिलं की उद्योजकांचे गट म्हणजे वेळेचा अपव्यय, सल्ला मागावा तर 'आम्ही फक्त अनुभव सांगतो' म्हणतात. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. आम्ही दहा जण नऊ वर्षं महिन्यातून एकदा बसतो. 'तू असं कर' म्हणायचं नाही, 'मी असं केलं, मग हे झालं' एवढंच. ही पळवाट नाही. सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही. अनुभव सांगणाऱ्याला आधी स्वतःची चूक उघडी करावी लागते. माझ्याकडे विक्री वाढत होती आणि पगाराला पैसे उरत नव्हते. 'कर्ज काढ' म्हटलं असतं तर मी काढलंही असतं. एकीने फक्त सांगितलं की तिची विक्री वाढली तेव्हा कच्चा माल रोखीने आणि पक्का माल उधारीवर, त्यात ती बुडता बुडता वाचली. त्या रात्री मी थकलेली येणी मोजली. निम्मी रक्कम तीन ग्राहकांकडे होती.

रोखठोक: ते लिहिणारा मीच. माझा भागीदार फुटायच्या बेतात होता आणि आमच्या करारात बाहेर पडण्याचं कलमच नव्हतं. गटातल्या तिघांना ते दिसत होतं. मला कधी सांगितलं? सगळं मोडल्यावर, वर्षभराने! 'नियम होता ना.' बुडणाऱ्याला काठावरून पोहण्याचे अनुभव ऐकवायचे का?

उंबरठा: तुमचं दोघांचं चालू द्या, पण मुख्य दुखणं वेगळं आहे. आपल्याच धंद्यातला माणूस गटात नकोच. मी विश्वासाने खरेदीचे दर सांगितले आणि दोन महिन्यांत माझा सर्वांत मोठा ग्राहक शेजारच्या खुर्चीवरच्याकडे गेला. गोपनीयतेच्या कागदावर आम्ही दोघांनीही सही केली होती.

जुनी वही: हे नवं नाही. अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने १७७६ मध्येच लिहिलंय की एकाच धंद्यातले लोक करमणुकीला जमले तरी गप्पा शेवटी ग्राहकाविरुद्धच्या कटावर नाहीतर भाव वाढवण्यावर येतात. स्पर्धकांनी संगनमताने दर ठरवणं बहुतेक देशांत बेकायदेशीर आहे, हेही कुणी ध्यानात घेत नाही.

काटेकोर: म्हणजे शिंप्याने लोहाराशीच बोलायचं? अमेरिकेतल्या मोटार विक्रेत्यांचे 'ट्वेंटी ग्रुप' बघा. सगळे एकाच धंद्यातले, पण एकमेकांच्या बाजारात न येणारे. ते आपले आकडे शेजारी शेजारी मांडतात. कामगारखर्च कुठे फुगलाय ते धंद्यातल्यालाच कळतं.

उंबरठा: आज बाजार वेगळा आहे, उद्या तो शाखा काढेल. माझा ग्राहक परत आणून देणार आहात का तुम्ही?

काटेकोर: तुमच्या गटाने माणूस चुकीचा घेतला, त्याचा राग पद्धतीवर काढू नका.

उंबरठा: चुकीचा माणूस कपाळावर लिहून येत नाही! नऊ वर्षांत तुमचं काही गेलं नाही म्हणून एवढं सोपं बोलता.

जुनी वही: आवाज खाली घ्या दोघेही. पुढे अमेरिकेचा मोठा नेता झालेल्या बेंजामिन फ्रँकलिनने १७२७ मध्ये फिलाडेल्फियात 'जंटो' मंडळ काढलं. त्यात छपाईवाले, काचकाम करणारा, चांभार असे वेगवेगळ्या धंद्यांतले लोक होते. ठरलेल्या प्रश्नांत एक असा होता की अलीकडे कुणाचा धंदा बसला का आणि कशामुळे बसला असं कानावर आलं. म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीतून शिकायचं, त्याला एकाच धंद्याची अट नाही.

रोखठोक: सगळं दरांवर गेलं. माझ्या प्रश्नाचं काय?

काटेकोर: देतो उत्तर. आमच्याकडेही एकदा असंच झालं, म्हणून हल्ली शेवटची दहा मिनिटं मोकळी ठेवतो. समोरच्याने 'आता स्पष्ट बोला' म्हटलं तर बोलायचं. तुमच्या तिघांनी गप्प राहायला नको होतं, एवढं मान्य. नियम मात्र मी सोडणार नाही.

रोखठोक: दहा मिनिटं! मला दहा मिनिटांत वाचवता आलं असतं. असो, मान्य केलंत हेही कमी नाही.

उंबरठा: मी मात्र दर कुणालाच सांगणार नाही. वाटलं तर भित्रा म्हणा.