नायजेरियन खाऊ-पेयं घरी कोणी करतं का? झोबो, चिनचिन, पफपफ, कुनू... (अनुभव धागा)

इलुपेजूकरीण:
परवा मंडईत एका बाईकडे अंबाडीची लाल बोंडं दिसली, तिला म्हटलं सगळी दे, ती म्हणे चटणी करणार का, म्हटलं नाही झोबो, ती बघतच राहिली. लागोसला आम्ही बरीच वर्षं होतो, इलुपेजूला, भारतीयांची वस्ती भरपूर, देऊळ पण जवळच. आमच्याकडे स्वयंपाकाला ज्या मामा यायच्या (नाव कोणी घ्यायचंच नाही, सगळे मामाच म्हणायचे) त्यांनी शिकवलेला झोबो असा: वाळलेली बोंडं आधी तीनचारदा पाण्यातून काढायची कारण वाळू फार असते, मग आल्याचा ठेचा, लवंगा आणि अननसाची सालं (गर नाही, सालं! गर आपण खायचा) घालून उकळायचं, गॅस बंद करून झाकून ठेवायचं, गार झालं की गाळायचं आणि साखर शेवटी. तिकडे वाळलेलीच मिळतात, उत्तरेकडून पोत्यांनी येतात, इथे मी ओलीच वापरली तर रंग आला पण तो कडक आंबटपणा नाही आला. कोणी घरी वाळवलीत का? आणि बाकीचं काय काय करता तेही लिहा, झोबोच पाहिजे असं नाही. दिवाळीत मी शंकरपाळ्यांबरोबर चिनचिन पण करते, कोणाला फरक कळत नाही.

पोळपाट:
फरक कळत नाही?? ताई असं नका हो बोलू. चिनचिनमध्ये अंडं, जायफळ, दुधाची पावडर, चौकोनी बारके तुकडे. शंकरपाळीला खुसखुशीत पदर सुटले पाहिजेत, चिनचिन दाताखाली कट्कन तुटलं पाहिजे. दरवेळी "म्हणजे आपली शंकरपाळीच" म्हणणाऱ्यांना मी आता उत्तरच देत नाही.

इलुपेजूकरीण:
दिलंस की आत्ता 😄 बरं माझ्यात अंडं नसतं, सासरी चालत नाही, म्हणून फरक कळत नसेल.

कानोचा_काका:
आम्ही कानोला, म्हणजे उत्तर नायजेरियात. लागोसवाल्यांना वाटतं नायजेरिया म्हणजे लागोसच. तुम्ही ज्याला अकारा (चवळीची भजी) म्हणता तो आमच्याकडे कोसाई, सकाळी कोको (ज्वारी-बाजरीची आंबवलेली पातळ पेज) आणि कोसाई, रमजानात संध्याकाळी रोजा सुटायच्या वेळी तर गल्लीगल्लीत कढया लागलेल्या असायच्या. आमचा मैगार्ड (गेटवरचा राखणदार) रोज एक पुडकं आमच्यासाठी वेगळं काढून ठेवायचा, पैसे दिले तर रागवायचा.
कुनू मी अजून नाशिकला करतो. बाजरी रात्री भिजत, सकाळी आलं, लवंग, एखादी मिरची घालून पाण्याबरोबर वाटायची. वाटणाचे दोन भाग. मोठ्या भागावर कढत पाणी ओतून ढवळत राहायचं, दाटसर होतं, कोमट झालं की उरलेलं कच्चं वाटण आणि कच्च्या रताळ्याचं वाटण त्यात मिसळायचं, रात्रभर झाकून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी गाळायचं. रताळ्यामुळे आपोआप गोडी येते आणि पातळ पण होतं, हे मला वाचून नाही, तिथल्या बाईंच्या हाताखाली बसून कळलं. गार करून प्यायचं. दुसऱ्या दिवशी आंबट, तिसऱ्या दिवशी झाडांना.

खमंग:
काका मिरची पेयात??

कानोचा_काका:
थोडीशीच. घशाला लागली पाहिजे, डोळ्यांना नाही.

पेकहॅमची_सून:
मी लागोस पाहिलेलं नाही पण लंडनला पेकहॅममध्ये राहते, नायजेरियन वस्ती भरपूर, म्हणजे अर्धं बघितल्यासारखंच 😂 शेजारच्या ऑन्टीकडून पफपफ शिकले. मैदा, साखर, यीस्ट, कोमट पाणी, जायफळ, मीठ. बास. पीठ भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट आणि चिकट, फुगून त्यात बुडबुडे दिसले की तयार. अवघड काय तर तेलात सोडणं. मुठीत पीठ घ्यायचं, अंगठा आणि तर्जनीच्या मधून दाबून गोळा वर काढायचा आणि सोडायचा. चमच्याने केलंत तर शेपट्या येतात. तेल खोल पाहिजे, मग गोळे आपले आपण उलटतात. माझे अजून गांडूळ निघतात मधेच, ऑन्टी म्हणते "सॉरी ओ, यू विल लर्न". हात कायम पाण्यात बुडवून घ्यायचा हे महत्त्वाचं. लेकीच्या शाळेत फूड डे ला नेले, आपली पुरणपोळी राहिली डब्यात आणि पफपफ संपले. सासूबाईंना सांगितलं नाहीये.

पोळपाट:
सासूबाई इथे वाचत नाहीत ना बघ 😜

पेकहॅमची_सून:
त्या फक्त फॉरवर्ड वाचतात.

निवांत७२:
नेपा (तिकडची वीज कंपनी) आठवलं वाचून. अप नेपा!!! वीज आली की अख्खी बिल्डिंग, लहान मुलं, गेटवरचे, सगळे एकदम ओरडायचे. कंपनीचं नाव बदललं, तुकडे झाले, पण आरोळी नेपाचीच. खाण्याचं काही नाही, सहज.

इलुपेजूकरीण:
खाण्याचं आहे की! वीज नाही म्हणून झोबो फसफसायचा. बाटलीचं बूच उडून पडदे लाल.

सुया_पण_पनीर:
शाकाहारी लोकांनी इकडे लक्ष द्या. सुया म्हणजे मांसाच्या पातळ पट्ट्या काडीवर लावून निखाऱ्यावर, संध्याकाळी रस्त्याच्या कडेला, वर्तमानपत्रात बांधून कांदा-टोमॅटोबरोबर. ते आम्ही खात नाही पण त्याचा मसाला, याजी, हा मात्र जीव की प्राण. त्याचा पाया कुलीकुली. कुलीकुली म्हणजे शेंगदाणे भाजून वाटून त्यातलं तेल पिळून काढायचं आणि उरलेल्या पेंडीच्या कांड्या किंवा कडी वळून त्याच तेलात तळायच्या. कडक होतात, नुसत्या खायला पण छान. ती कुटून त्यात सुंठ, लाल तिखट, मीठ, लवंग, आणि किंबा (काळ्या लांबट शेंगा, धुरकट वास) घालतात. इथे कुलीकुली नाही मिळत म्हणून मी दाण्याचा कूट सुती फडक्यात घालून जड पोळपाटाखाली ठेवते, तेल निघतं बऱ्यापैकी. तसाच कूट वापरलात तर मसाल्याचा लगदा होतो, पिळणं सोडू नका. पनीर, फ्लॉवर, उकडलेले बटाटे, कशालाही लावून तव्यावर. किंबा नसेल तर नसेल, काळी मिरी घाला.

कानोचा_काका:
शाब्बास. कानोत शेंगदाण्याच्या पोत्यांचे पिरॅमिड रचायचे पूर्वी, १९५०-६० च्या काळात, रेल्वेने लागोस बंदरात जायची पोती. मी गेलो तोवर काही उरलं नव्हतं, तेल सापडल्यावर शेतीकडे दुर्लक्ष झालं, वर दुष्काळ, शेंगांवर रोग. म्हातारे लोक मात्र कुठे कुठे पिरॅमिड होते ते हात करून दाखवायचे.

बीपीवाली:
झोबो ब्लडप्रेशरला चांगला म्हणतात खरं का? मला १५०/९० असतं.

डॉ_फावल्यावेळी:
थोडं उतरतं असं दिसलंय, पण म्हणून गोळ्या बंद करू नका, आणि गोळ्या चालू असताना रोज तांब्याभर पिण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि वरच्या ताई "साखर शेवटी" म्हणाल्या ती किती घालतात ते पण विचारा 🙂

इलुपेजूकरीण:
डॉक्टर, तो प्रश्न टाळला तर चालेल का

उपासतापास:
गंभीर प्रश्न. गारी उपासाला चालते का? साबुदाणा कसाव्याचाच असतो, सेलमकडून येतो, गारी पण कसाव्याचीच. मग?

पोळपाट:
गारी आंबवतात. किसून पोत्यात भरून वर दगड ठेवून दोनतीन दिवस पाणी निथळवतात, तिथेच आंबते, मग चाळून कढईत भाजतात. आंबवलेलं कसं चालेल.

उपासतापास:
दही चालतं.

पोळपाट:
...

खमंग:
😂😂😂 दही चालतं!! पोळपाट गप

कानोचा_काका:
आमच्या हिने केली होती एकादशीला गारीची खिचडी, दाण्याचा कूट आणि मिरची घालून. चिकट गोळा. धर्म बुडाला का माहीत नाही, खिचडी बुडाली. गारी ही गार पाण्यात साखर, दाणे, जमलं तर दूध घालून खायची, आणि लगेच खायची, बोलत बसलात तर फुगून वाटी भरते. तिकडच्या हॉस्टेलच्या पोरांचं महिनाअखेरीचं जेवण आहे ते. इजेबूची गारी आंबट, ती या कामाला सगळ्यात चांगली.

कोंढव्याची_मावशी:
आमच्या वरच्या मजल्यावर नायजेरियन विद्यार्थी राहायचे. सोसायटीत लोकांनी काय काय बोलून ठेवलं होतं त्यांच्याबद्दल, ते लिहीत नाही. दिवाळीत मी फराळाचं ताट दिलं तर एकजण ताट रिकामं परत न करता चिनचिन भरून घेऊन आला, म्हणाला आमच्याकडे ख्रिसमसला डबेच्या डबे करून ठेवतात, येईल त्या पाहुण्यापुढे वाटी. पुढच्या वर्षी माझ्याच स्वयंपाकघरात बसून केलं आम्ही, लाटणं त्याच्या हातात, कातण माझ्या. त्याला कातणाची नागमोडी धार इतकी आवडली की जाताना एक घेऊन गेला. आता एनुगूला असतो, फोन येतो दिवाळीला. आणि हो, चिनचिनला पीठ सैल नको, तेल पितं.

खमंग:
मावशी 🥹

अकाराभक्त:
अकारा कोणीच नीट लिहिला नाही म्हणून लिहितो, ट्रेनमध्ये आहे, टायपो चालवून घ्या. चवळी भिजवायची, पण सालं काढायचीच, सालासकट वाटलीत तर तो अकारा नाही, काहीतरी वेगळं तपकिरी होतं. मिक्सरला पाणी घालून एकदोनदा नुसतं भुर्रकन फिरवा, सालं सुटतात, वर तरंगतात, ओतून टाका, परत पाणी, परत. चवळी पांढरी दिसेपर्यंत. मग कांदा आणि लाल मिरचीबरोबर कमीत कमी पाण्यात वाटून खलबत्त्यात किंवा हाताने फेटायचं, फेटायचं, हात दुखेपर्यंत, हवा भरली पाहिजे. मीठ तळायच्या अगदी आधी, नाहीतर पीठ बसतं. सोडा घालणाऱ्यांशी मी बोलत नाही. शनिवारी सकाळी लागोसला हे अकारा, आगेगे ब्रेडमध्ये दाबून, आणि बरोबर ओगी (आंबवलेल्या धान्याची पेज). हाच पदार्थ गुलाम म्हणून नेलेल्या योरुबा लोकांबरोबर ब्राझीलला गेला, बाहियात अकाराझे नावाने पांढऱ्या कपड्यातल्या बायका विकतात, लाल पामतेलात तळून. चवळीने समुद्र ओलांडला आणि माझी बायको म्हणते सालं काढायला वेळ नाही.

सुया_पण_पनीर:
मग सालं तुम्ही काढा

अकाराभक्त:
मीच काढतो हो. स्टेशन आलं, बाकी नंतर.

पेकहॅमची_सून:
त्याच वाटणाचं मोईमोई पण होतं ना? ऑन्टी पानात बांधून वाफवते, आत अंडं नाहीतर मासा. शाकाहारींनी एक लक्षात ठेवा, विकतच्यात क्रेफिशची (सुकवलेल्या बारक्या कोळंबीची) पूड असतेच असते, विचारल्यावर म्हणतात "नो मीट मॅडम, ओन्ली क्रेफिश".

निवांत७२:
😂 ओन्ली क्रेफिश. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये हेच.

नवी_आहे:
नमस्कार, धागा वाचला खूप छान. विषयाला सोडून आहे पण मिस्टरांना पोर्ट हारकोर्टची ऑफर आली आहे, मुलगी ६ वर्षांची. शाळा, सुरक्षितता, कोणी सांगेल का?

इलुपेजूकरीण:
मेसेज केलाय तुला. यलो फीव्हरची लस आणि ते पिवळं कार्ड विसरू नका, भारतात परत येतानाही बघतात. हिंग भरपूर ने.

कानोचा_काका:
पोर्ट हारकोर्टला भाजलेलं कच्चं केळं (मोठं, प्लँटेन) तिखट रश्श्याबरोबर मिळतं, बोले म्हणतात. रश्श्यात मासे असतात, नुसतं मागा, दाण्यांबरोबर खा. कंपनी घर कंपाउंडमध्ये देते का ते आधी विचारा.

वाढदिवसवाली:
चॅपमन कोणीच नाही लिहिलं! फँटा, स्प्राइट, डाळिंबाचं नाहीतर ब्लॅककरंटचं सरबत, काकडीच्या चकत्या, संत्रं, लिंबू, भरपूर बर्फ, आणि अंगोस्तुराचे (कडू मसालेदार अर्काचे) थेंब. इकोयी क्लबच्या बारमध्ये कोणा चॅपमनसाहेबांसाठी बनवलं अशी गोष्ट सांगतात तिकडे. मुलाच्या वाढदिवसाला केलं, सासरे दोन ग्लास प्यायले, म्हणाले सरबत झकास, त्या छोट्या बाटलीत काय आहे? अंगोस्तुरात जवळजवळ ४५ टक्के अल्कोहोल असतं. थेंबच घालतो आपण, पण बाटली मुलांच्या हाताशी ठेवू नका. सासऱ्यांना मी "जडीबुटी" सांगितलं, ते तसं खोटं नाही.

निवांत७२:
सासऱ्यांच्या हाताशी ठेवायची का मग

वाढदिवसवाली:
तिसरा ग्लास मागत होते 😄

लेक्कीवरून:
मी अजून इथेच, लागोसला. तुमच्या आठवणी गोड आहेत पण आता या आणि बघा. २०२३ ला पेट्रोलची सबसिडी गेली, नायरा (इथलं चलन) मोकळा सोडला, त्यानंतर मैदा, साखर, तेल, सगळ्याचे भाव कुठच्या कुठे. आमच्या कोपऱ्यावरच्या पफपफवालीने भाव वाढवायच्या ऐवजी आकार कमी केला, मग आकार कमी करायला काही उरलं नाही तेव्हा भाव वाढवला. तिला विचारलं तर म्हणाली मॅडम, तेल माझ्याशी भांडतंय. घरी करणं आता हौस नाही, गरज आहे इथल्या लोकांची. माझ्या ऑफिसातल्या मुली घरून चिनचिनची छोटी पाकिटं करून आणतात आणि विकतात, मी कायम घेते, गरज असो नसो.

कोंढव्याची_मावशी:
असं होय. काळजी घे गं.

डॉ_फावल्यावेळी:
कुनून आया कोणी केलंय? टायगर नटचं दूध. खरं तर नट नाहीच, नागरमोथ्याच्या कुळातल्या गवताचा कंद. रात्रभर भिजवून खजूर, आलं, खोबरं घालून वाटायचं आणि फडक्यातून गाळायचं. गरम करू नका, पिष्टामुळे खळ होते. स्पेनमध्ये वॅलेन्सियाला याच कंदाचं ओरचाता पितात. मला पुण्यात ऑनलाइन मिळाले, वाळलेले, फार कडक होते, दोन रात्री भिजवले. मिक्सरचा आवाज ऐकून खालचे वर आले.

नवी_आहे:
पफपफ करतेय आत्ता, पीठ फुगलंय मस्त! जायफळ नाहीये घरात, वेलची चालेल का?

पेकहॅमची_सून:
चालेल तशी, पण तो पफपफ नाही म्हणणार ऑन्टी.

पोळपाट:
गुलगुला होईल. कर, चांगला लागतो. हात ओला ठेव.

नवी_आहे:
घातली. पहिले चार गांडूळ निघालेत 😂 पाचवा जरा गोल आहे. थांबा तेल बघते